दाखवूनच द्यायचं औषध

ही हकिकत लिहायची मी वर्षानुवर्षं टाळली. जवळच्या नातेवाइकांनाही मी एवढंच सांगत आलो की एका शिकाऊ मुलीच्या चुकीमुळे आमच्याकडे एक रुग्ण दगावता दगावता वाचली. ते खरं नाही. चूक माझी होती, आणि चुकीपेक्षा वाईट असं मी नंतर जे बोललो, तेही माझंच.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीतल्या एका खासगी इस्पितळात औषधांची खोली सांभाळत होतो. इस्पितळाला जोडून परिचारिकांचा एक छोटा अभ्यासक्रम चालायचा. दहावी झालेल्या मुली यायच्या, कुणी टिटवाळ्याची, कुणी खडवलीची, कुणी ठाण्याची. औषधांचा विषय मी शिकवायचो. कुठलं औषध कशावर, किती, कसं द्यायचं आणि देताना हात कुठे चुकतो. बायको जाऊन थोडीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुपारचा तो वर्ग सोडला तर दिवसभरात माझ्याशी धड कुणी बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी मी दूधवाल्याला उगाच थांबवून ठेवायचो.

वर्गात एक नियम मी ठासून सांगायचो. इन्सुलिन एकटीने द्यायचं नाही. सिरिंज भरायची, मग एका हातात सिरिंज आणि दुसऱ्या हातात शिशी धरून जाणत्या माणसाला दाखवायची. त्याने दोन्ही वाचायचं, ‘बरोबर’ म्हणायचं, मगच सुई टोचायची. मुली माझी नक्कल करायच्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बिस्किट धरून एकमेकींना विचारायच्या, “सर, बरोबर?” मला ते ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. आता मी स्वतःच इन्सुलिन घेतो. दाखवायला घरात कोणी नाही.

त्या तुकडीत ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. वडील होडीवर, आई बाजारात मासे विकायला बसायची. घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. मेट्रन तिला टोमणे मारायच्या. “काय गं, ड्रेसिंग करतेस की पापलेट साफ करतेस?”

“पापलेटच बरं मॅडम, ओरडत नाही,” ती म्हणायची. मेट्रनलाही हसू आवरायचं नाही.

तेव्हा एक निवृत्त शिक्षिका मधुमेहासाठी दाखल होत्या. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने आईसाठी बर्फाच्या थर्मासमधून इन्सुलिनच्या शिश्या आणल्या. तिकडचा माल म्हणजे चांगलाच असणार, म्हणून मी त्या कौतुकाने फ्रिजमध्ये ठेवल्या. आलेल्या औषधाचं लेबल वाचणं माझं काम होतं. मी वाचलं नाही. आपल्याकडच्या इन्सुलिनमध्ये तेव्हा एका मिलिलिटरला चाळीस युनिटं असायची, आणि आमच्या सिरिंजवरच्या खुणाही त्याच हिशेबाच्या. त्या शिश्यांमध्ये तेवढ्याच औषधात शंभर युनिटं होती. आमच्या सिरिंजने नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं की अडीचपट औषध जाणार.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या जेवणाआधी ती कोळीवाड्यातली मुलगी सिरिंज भरून माझ्याकडे आली. माझ्यासमोर एका औषध कंपनीचा माणूस बसला होता. गप्पिष्ट होता, आणि मला गप्पा हव्याच असायच्या.

“सर, वीस युनिट.”

मी सिरिंजकडे पाहिलं. “बरोबर.”

“शिशी तिकडेच राहिली, आणते. ती नवीनवाली आहे.”

“राहू दे गं. त्यांचं जेवण येईल, तू जा.”

ती गेली. जेवणाला उशीर झाला. बाईंना दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली, मग हाक मारली तरी उत्तर येईना. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. बाई शुद्धीवर आल्या आणि संध्याकाळी त्यांनी चहा मागितला. तोवर डॉक्टरांनी शिशी पाहिली होती.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. डॉक्टर, ती आणि मी. “हे देण्याआधी तपासलं कोणी?” डॉक्टरांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगेन अशी तिची खात्री असावी.

मी म्हणालो, “मला दाखवलं नव्हतं.”

नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती वर्गाची होती. तो गेला असता तर घरी जाऊन मी भिंतीशी बोललो असतो. सरांना खोटं ठरवायची तिला सवय नव्हती. तिचं नाव अभ्यासक्रमातून काढलं. जाताना ती एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवून गेली.

ज्या वर्गासाठी मी खोटं बोललो तो वर्ग मला मिळालाच नाही. मुली येत, ऐकत आणि जात. नक्कल बंद झाली. इन्सुलिन दाखवायला येताना प्रत्येक मुलगी सोबत दुसरीला आणू लागली. ती दुसरी फक्त दारात उभी राहायची, मी ‘बरोबर’ म्हटल्याचं ऐकायला. वर्षभरात मी शिकवणं सोडलं.

नव्वदच्या दशकात कळलं की ती वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॅकिंगला आहे. मी ठरवून गेलो आणि कारखाना सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो.

“सर? तुम्ही इकडे कुठे?”

“तुलाच भेटायला. घरी काय सांगितलंस तेव्हा?”

“सुईची भीती वाटते म्हटलं. आई अजून हसते. म्हणते, सुरमई कापताना नाय घाबरली नि सुईला घाबरली.” तीही हसली. मग म्हणाली, “आता मुलींची शिशी बघता ना, सर?”

“शिकवणं सोडलं मी.”

“का?”

तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. “गुडघे दुखतात,” मी म्हणालो.

“जपा मग. तेल लावत जा.” बरोबरच्या बाया हाका मारत होत्या. तिची बस आली आणि ती गेली. पुढे तो कारखाना बंद पडला. ती लग्न होऊन कुठल्या गावी गेली ते कुणाला नीट सांगता आलं नाही.

फाटकाशी मला एवढंच म्हणायचं होतं. तू सिरिंज दाखवली होतीस. शिशीही आणत होतीस, मीच नको म्हटलं, आणि डॉक्टरांसमोर खोटं बोललो. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ कर.