घोंगडीखालचे लाल दिवे

“दिवेलागणीच्या आत गाडी दारात उभी पाहिजे, जावईबापू,” असं म्हणत सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. “आमच्या घरची शिस्त आहे ही. एकदा मोडली की पुन्हा किल्ली मिळायची नाही.” लग्न नवीन होतं. पुढच्या महिन्यात सुधाला नळदुर्ग दाखवायचा बेत मी याच करड्या मोटारीच्या जिवावर आखला होता. त्यामुळे मुकाट्यानं मान डोलावली आणि तुळजापूरकडे निघालो.

सोलापूर मागं पडलं तशी दोन्हीकडे नुसती तापलेली जमीन. तो दुष्काळाचा काळ होता. रस्त्याच्या कडेला सरकारी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती आणि गाडी जवळ आली की डोळ्यांवर हात धरून आत कोण आहे ते बघत होती. शेजारी सुधा होती आणि मागच्या सीटवर तिच्या आत्या मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. माझ्या सासऱ्यांच्या या थोरल्या बहीण. मला त्या दर मैलाला “सावकाश” म्हणत, मी मात्र आधीच बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो.

तुळजापुरात दर्शन झालं. लिंबाच्या सावलीत बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. चटणी अशी झणझणीत की पाणी मागायची लाज वाटली, कारण शेजारच्या आडाचा तळ दिसत होता. ऊन थोडं कलल्यावर परत निघालो. वेळ भरपूर होता, मी शीळसुद्धा घातली.

तामलवाडीत मेंढरं आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, तोच दूध सोसायटीच्या ओट्यावरून एक हवालदार उतरले. सरवदे त्यांचं नाव.

“दिवं लावा बरं.”

मी बटण ओढलं. पुढचे दिवे लागले. हवालदार गाडीच्या मागं गेले, नंबर वाचला आणि स्वतःशीच हसले. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

“मागलं दोन्ही लाल दिवं बंद हायती. दिस बुडताना आमची माणसं खडी फोडून ह्याच रस्त्यानं चालत घरी येत्यात. तुमी मधीच थांबलात आन् मागून ट्रक आला तर? दिवं लागल्याबिगर सोडणार न्हाय.”

बोलणं इतकं रास्त होतं की भांडायचीही सोय नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं मात्र सासरे आणि ती किल्ली दिसू लागली.

संध्याकाळचं दूध घालायला आलेली माणसं भोवती जमली. दुष्काळात दूध ते कितीसं, चरव्या हलक्या होत्या आणि सगळ्यांना सवड होती. सोसायटीच्या टेम्पोचे ड्रायव्हर बाबूभाई यांनी लाल काचा खोलल्या. आत हळदीकुंकवाचा चिखल आणि हिरवा गंज. दर दसऱ्याला गाडीच्या पाठीवर नारळ फुटायचा, त्याचं पाणी नेमकं तिथं मुरलं होतं.

“देवीचं तांब्याचं भांडं असंच हिरवं होतं,” आत्याबाई म्हणाल्या. “चिंच आणा.”

चिंच आली. आत्याबाईंनी पदर खोचून दिव्यांची पितळी घरं घासली, पुसून कोरडी केली. बाबूभाईंनी बल्ब बसवले, सुधानं बटण ओढलं. बरं, दिवा लागला की नाही हेच कळेना. समोर लख्ख ऊन. अर्धे म्हणाले लागला, अर्धे म्हणाले न्हाय, आणि दोन म्हाताऱ्यांचं त्यावरून वाजलं.

मेंढरांमागची काशीबाई खांद्यावरची घोंगडी घेऊन पुढं आली. ती गाडीच्या पाठीवर टाकून स्वतः आत शिरली. काही वेळानं घामाघूम होऊन बाहेर आली.

“आत उकडतंय लई. दिवा काय न्हाय.”

मग बाबूभाईंनी डिकीतली चटई उचलली. दोन्ही दिव्यांकडे जाणारी तार मधेच तुटलेली, आणि कुणी तरी ती देवीच्या लालपिवळ्या नाड्यानं बांधलेली. बाबूभाई कपाळाला हात लावून हसले. आत्याबाईंनी त्या गाठीकडे जरा निरखून पाहिलं. बाबूभाईंनी तारेची टोकं खरवडून पीळ दिला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. काशीबाई पुन्हा घोंगडीत शिरली.

“लागलं गं बाई. लालभडक.”

मी आनंदानं स्टिअरिंगवर बसलो, आणि तिथंच फसलो. आता प्रत्येकाला तो दिवा बघायचा होता. घोंगडीपुढं रांग लागली. बायका आत जाताना डोक्यावरून पदर घेत होत्या. एका आजोबांनी चक्क हात जोडले. दूध मोजायचं राहिलं म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडत आले आणि रांगेतच उभे राहिले.

“अहो, बिगीबिगी आटपा,” मी काकुळतीला आलो.

“ज्यांच्यासाठी दिवं लावलं, त्यांनी बघू नयेत व्हय?” हवालदार म्हणाले आणि स्वतः आत शिरले.

शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा घोंगडीची गरजच उरली नव्हती. अंधारात दोन्ही दिवे लांबूनही झकास दिसत होते. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

घरी पोचलो तर सासरे फाटकात, हात मागं बांधून. वाटेत जुळवलेल्या सबबी सांगायला मी तोंड उघडलं. ते माझ्याकडे न बघता गाडीमागं गेले आणि वाकले. त्यांचा चेहरा लाल उजेडात न्हाऊन निघाला.

“लागले की हो,” ते हळूच म्हणाले. “सरवद्यांनी फार वेळ अडवलं का?”

हवालदाराचं नाव मी काढलंच नव्हतं.

“तरीच,” आत्याबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, “गाठ बघितल्या बघितल्या मला वाटलंच, ही तुझीच. दिवे लागत नाहीत म्हणून दिवेलागणीच्या आत परत यायचं, आणि म्हणे घरची शिस्त.”

सासरे किल्ली घेऊन घरात गेले. त्या प्रवासानं मला एवढं शिकवलं की सासुरवाडीची कुठलीही शिस्त पाळण्याआधी डिकीतली चटई उचलून बघावी.

पुढच्या महिन्यात नळदुर्गाला निघालो तेव्हा किल्ली मागावी लागली नाही. ती गाडीलाच होती, आणि शेजारच्या सीटवर सासरे आधीच येऊन बसले होते.

“सावकाश जाऊ,” ते म्हणाले. “यायला रात्र झाली तरी चालेल.”