रिकाम्या दांड्यापासून पुन्हा

लघवी काळ्या चहासारखी झाली आन् मी किंचाळले. मांड्या दगडावानी घट्ट. लेकराला घ्यायला वाकले तर परत उठताच येईना. मला वाटलं लकवा झाला, आता ह्याला कोण पाजंल. सासूबाई म्हनल्या, "रडू नको, आधी परभणीला चल."

डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. सीपीके म्हनून तपासणी असती, अंगातलं मास किती फुटलं ते त्यात कळतं. माझं लय वाढलेलं. म्हनल्या, "ह्याला रॅब्डोमायोलिसिस म्हनतात. मास फुटून रक्तात उतरलंय, किडनीवर ताण आलाय. काय उचललंस?"

शाळंत मी वजनं उचलायची, तालुक्यात पयली आलते. मग शाळा सुटली, लग्न झालं, लेकरू झालं. ताडकळसला आमच्या दिराची जिम हाय. आदल्या दिवशी दुपारी पोरं नसतात तवा गेले. दीर हसला, "वैनी, रिकामा दांडा घ्या. आता पिठाचा डबा बी उचलंना तुमच्यानं." मला राग आला. जुनं वजन खांद्यावर घेऊन बैठका मारतच राह्यले.

"पाणी किती पेलीस?" डॉक्टरीणबाईनं इचारलं.

मी सासूबाईकडं बघितलं. पाजणारीनं लय पाणी पेलं की लेकराला सर्दी होती, म्हनून आमच्यात घोटघोटच देतात. वरून उन्हाळा.

"मावशी, पाजणारीलाच जास्त पाणी लागतं," डॉक्टरीणबाई म्हनल्या. सासूबाई उठून माझ्यासाठी पाणी आनायला गेल्या.

सलाईनवर सलाईन. लघवी बाटलीत धरायची, रंग बघायचा. देवाला तेवढंच मागत होते, रंग उतरू दे. एका सकाळी पिवळी झाली. सासूबाई ती बाटली खिडकीत उजेडाला धरून नर्सबाईला हाका मारायलत्या. किडनी वाचली.

रक्ताची तपासणी नीट आल्यावरच डॉक्टरीणबाईनं पुन्हा वजन उचलायची परवानगी दिली. "रिकामा दांडा घे. लघवी गडद दिसली की तशीच इकडं निघून ये."

बायांनो, गेलेली ताकद परत येती, पण घाई केली की अंग सूड घेतं. दांडा, मग बारकी चकती, मग मोठी. ताकद पयल्या वेळंपेक्षा लवकर आली. परवा शाळंतलं वजन डोक्यावर धरून हुबी राह्यले. दम लागलेला, पण पाय हाललं न्हाईत.

दीर म्हनला, "वैनी, जिल्ह्याच्या स्पर्धेला नाव देऊ का?"

सासूबाई म्हनल्या, "झालं न्हवं समाधान? जीव वाचलाय, आता बस कर."

मी दिराला म्हनले, "दे."

तुमी असता तर काय केलं असतं?