स्वेटरवालीचं नोंदणीपुस्तक

ती सकाळ आठवली की मला अजूनही स्वतःचाच कान पिरगाळावासा वाटतो. जिची पर्स मारली गेली होती, त्या बाईलाच मी ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

नांदेडला माझं पहिलंच पोस्टिंग. अंगावर कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्यात पाठ केलेले कायदे, अक्कल मात्र अजून रुजू व्हायची होती. थंडी पडली की तिबेटी लोक शहरात स्वेटर विकायला येतात. त्या सकाळी त्यांतली एक बाई धापा टाकत ठाण्यात आली. मुखेडच्या बाजाराला माल न्यायचा म्हणून एसटीवर गठ्ठे चढवताना तिची पर्स गेली होती. पैसे होतेच, पण आत तिचं नोंदणीपुस्तक होतं. बाई कर्नाटकातल्या वसाहतीत जन्मलेली, तरी निर्वासितच. कुठल्याच देशाची नागरिक नाही. राहणं, फिरणं, सगळं त्या पुस्तकावर.

मी विचारलं, "म्हणजे आत्ता तुझ्याकडं एकही कागद नाही?"

"नाही मॅडम, तेच तर सांगते."

"मग गुन्हा तुझ्यावरच दाखल होतो!" मी लढाई जिंकल्यासारखी म्हणाले. परदेशी आणि विनाकागद! पेनाचं टोपणसुद्धा काढलं. बाईचा चेहरा पांढराफटक. पुस्तक मिळालं नाही तर ती कोर्टात, तिथून जेलात जाणार होती, आणि तेही माझ्या हातून.

आमचे हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, फिर्यादीलाच आत टाकून राहिल्या का? आधी चोर तर बघू."

तेवढ्यात एसटी कॅन्टीनवाल्याची खबर आली. एकजण भर उन्हात मनगटावर मफलर टाकून फलाटावर घिरट्या घालत होता, आता भजी खात बसलाय. मनगटावरचा मफलर म्हणजे खिसेकापूचा पडदा. भज्यांसकट उचलला.

ठाण्यात मी टेबल बडवून स्वतःचाच तळहात लाल करून घेतला. त्यानं उरलेलं भजं तोंडात टाकलं. हवालदारांनी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि बाईला समोर उभं केलं. "तुझ्यापायी ही जेलात चालली बघ."

त्यानं कप खाली ठेवला. "व्हय, पैसे घेतले. पण कागद आम्ही ठेवत न्हाई, अन् फेकतबी न्हाई. पर्सीसकट टपालपेटीत टाकतो. पोस्टवाले पोचवतेत. मॅडम, पोलिसात असून एवढंबी ठावं न्हाई?"

"कुठली पेटी?"

"स्टँडसमोरची."

जीप सुटली. पेटी रिकामी! पोस्टमननं नुकतीच उघडली होती. त्याची सायकल पुढच्या चौकात दिसली. ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, मी अर्धी बाहेर लोंबकळून ओरडतेय, "टपाल थांबवा!" लोकांना वाटलं, मॅडमचं कुणाला तरी चुकून पत्र गेलंय. पोस्टमास्तरांसमोर थैली उपडी केली, आणि पत्रांच्या ढिगातून ती पर्स घरंगळली. पुस्तक आत, फोटोसकट! मी पोस्टात टुणकन उडी मारली. युनिफॉर्ममध्ये.

कागद नसलेलं माणूस समोर आलं, तर आधी कागद कुठं गेला ते शोधावं. गुन्हा कुठं पळून जात नाही. पुढं लातूरला नव्या फौजदारांना मी हे कायम सांगायची. किस्सा मात्र दुसऱ्याच कुणाचा म्हणून.

त्या दिवशी बाई पुस्तक छातीशी धरून ठाण्यातून निघाली आणि दारातच थांबली. म्हणाली, "पुढच्या थंडीत शहरात आले की ठाण्यात नोंद करायला येतेच मॅडम. आल्या आल्या कागद मागू नका. आधी 'आलीस का?' म्हणा. मग दाखवते."