साडूभाऊंची ताजी गाणी

जुनी गाणी टाकाऊ आणि हल्लीची उत्तम, असं छातीठोकपणे सांगणारा सत्तरीपुढचा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. त्यांच्या वयाची बाकीची मंडळी पारावर बसून ‘आता कुठं राहिलं तसं गाणं’ म्हणत उसासे टाकायची, आणि साडूभाऊ उसासा टाकणाऱ्याच्या अंगावर धावून जायचे. “काय होतं हो त्या गान्यात?” ते विचारायचे. “चांद दिसला का रडे, पानी आलं का रडे, बगीच्यात गेला तरी रडे! अरे, बगीच्यात जाऊन कोनी रडते का? आत्ताचं पोरगं पाहा. गाडी हाये, चष्मा हाये, नाच म्हनते, बस. सुखी मानूस! सुखी मानसाचं गानं आयकावं.” यावर कोणी काही म्हटलं तरी ते ऐकू जात नसे, कारण तोवर साडूभाऊंनी गळ्यात डब्यासारखा अडकवलेला स्पीकर सुरू केलेला असे.

जऊळक्याला त्यांची पीठगिरणी होती. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती विकली. गावाचं म्हणणं असं की गिरणीच्या पट्ट्याची धडधड ऐकून ऐकून माणसाचे कान कामातून गेले आणि आता डीजेची धडधड ऐकल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. हे स्पष्टीकरण सगळ्यांना सोयीचं होतं. मला मात्र ते पूर्ण पटत नसे, कारण माझं लग्न झालं तेव्हाची ती गिरणी मी पाहिली होती. भिंतीवरच्या खिळ्याला पिठानं पांढराफटक झालेला रेडिओ टांगलेला असायचा, आणि एखादं आवडीचं गाणं लागलं की साडूभाऊ चक्क पट्टा उतरवून गिरणी बंद करायचे. दळणाला आलेल्या बाया डबे मांडून खुशाल ऐकत बसायच्या. मागच्या घरातून अक्का पदराला हात पुसत यायची आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. असा माणूस म्हातारपणी एकाएकी उलटा फिरला, तेव्हा आम्ही नातेवाइकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आमच्याकडे दुसरं होतंच काय करायला?

ताज्या गाण्यांचा त्यांचा शोध भाजीबाजारासारखा चालायचा. जऊळक्याच्या स्टेशनजवळच्या मोबाईल दुकानात ते आठवड्याच्या आठवड्याला हजर. “भाई, ताजं काय हाये?” दुकानदार म्हणायचा, “चाचा, ये तो कलच आया.” “अन् हे?” “वो पिछले महिने का.” “मंग ठेव तुले. शिळं नको.” एकदा मी त्यांना एका गाण्याचा अर्थ विचारला. त्यात एकच शब्द इतक्या वेळा येत होता की तो शब्द आहे की यंत्रात काही अडकलंय, हे मला कळेना. साडूभाऊ म्हणाले, “अर्थ कायले पायजे? अर्थ असला का मानूस त्याच्यात गुतते.” हे मी वाशीमला परत येऊन दहा जणांना हसत हसत सांगितलं.

माझ्या नातवाच्या बारशाला ते अक्काला घेऊन आमच्या घरी आले होते. पंगत बसली होती आणि माझा फोन वाजला. त्याच्यावर मी एक जुनं गाणं लावून ठेवलेलं, फार सुरेख. त्याचं पहिलं अक्षर निघतं न निघतं तोच साडूभाऊ पानावरून उठले, श्रीखंडाच्या हातानं त्यांनी फोन झडपला आणि बंद करून टाकला. बसस्टँडवर उतरून पत्ता विचारणारे माझे व्याही तासभर वाशीमच्या गल्ल्यांतून फिरत राहिले. “एवढा चांगला फोन,” साडूभाऊ माझ्यावरच डाफरले, “अन् त्यात रडगानं भरून ठेवलं! घंटी ठेवावी मानसानं. साधी घंटी!” शेजारी अक्का खाली मान घालून पुरीचे बारीक बारीक तुकडे करत होती. चारचौघांत ती तेव्हा बोलेनाशीच झाली होती.

अक्काचं विसरणं आम्हाला ठाऊक होतं. आधी वरणात दोनदा मीठ पडायला लागलं, मग शेजारणींची नावं गेली, मग माझी बायको तिला भेटायला गेली तर अक्कानं तिला पाणी दिलं आणि “कोन्या गावच्या तुमी?” असं विचारलं. माझी बायको परतीच्या गाडीत भर डब्यात रडली. शेवटी साडूभाऊसुद्धा तिच्या आठवणीतून गेले. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला ती ‘भाऊ’ म्हणू लागली, परक्या घरी उतरलेल्या पाहुणीच्या अदबीनं. “भाऊ, तुमाले तरास होऊन राह्यला माह्या,” असं म्हणायची. साडूभाऊ तिची वेणी घालायचे, तिला घास भरवायचे आणि स्पीकर मोठा करायचे. त्या धिंगाण्यात ती शांत बसून राहायची, कधी टाळ्याही वाजवायची. अशा आजारी बाईपुढे हा माणूस दिवसभर गोंगाट करतो, याचा माझ्या बायकोला विलक्षण राग यायचा.

एकदा उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे यायला काळीपिवळीत बसले. जीपवाल्यानं जुनी गाणी लावलेली. साडूभाऊंनी बंद कर म्हटलं. तो म्हणाला, “काका, बाकीचे पाशिंजर आयकून राह्यले ना.” साडूभाऊंनी त्याला जीप थांबवायला लावली आणि अक्काचा हात धरून भर उन्हात रस्त्यावर उतरले. आमच्या घरी पोचले तेव्हा दोघांचे चेहरे लालबुंद झाले होते. “गान्यापायी बाईले उन्हात चालवता?” माझी बायको कडाडली. साडूभाऊ तांब्याभर पाणी प्याले, अक्काला त्यांनी पाजलं आणि कोपऱ्यात बसून राहिले.

मग जऊळक्याला कराओके आलं. एका निवृत्त हेडमास्तरांनी मुलाकडून यंत्र मागवलं आणि देवळाच्या सभामंडपात म्हाताऱ्यांचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. हेडमास्तरांचा गळा खरोखर गोड होता. पहिल्याच दिवशी साडूभाऊ तिथं गेले आणि भर गाण्यात त्यांनी तार उपटली. “तुमाले गायचं तं गा,” ते ओरडले, “पन लोकायच्या घरात कायले घुसता?” हेडमास्तर म्हणाले, “तुमचे कान गेले म्हणून गावानं मुकं व्हायचं का?” हातघाईवर आलं. पोलीस पाटलांनी मध्ये पडून तोडगा काढला, की आवाज मंडपाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. काही महिने तो पाळलाही गेला.

एका रविवारी साडूभाऊ अक्काच्या गोळ्या घ्यायला वाशीमला आले होते. अक्काजवळ शेजारीण बसली होती. गाडी चुकली म्हणून मी त्यांना मोटरसायकलवर जऊळक्याला सोडायला निघालो. घराशी पोचलो तर दार सताड उघडं. आत स्पीकर धडधडत होता आणि त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. शेजारीण धावत आली. “दूध उतू चाललं म्हून घरी गेलती भाऊ, पानी पेयाएवढाच टाइम झाला,” म्हणून रडायला लागली. साडूभाऊंनी स्पीकर बंद केला. तेव्हा नीट ऐकू आलं. कोणाच्या तरी वाढदिवसासाठी हेडमास्तरांचा कार्यक्रम त्या दिवशी मोकळ्या मैदानात होता, मोठे भोंगे लावून, आणि ते गाणं पार घराच्या आढ्यापर्यंत येत होतं.

मी म्हटलं, आपण गल्लीत शोधू. साडूभाऊंनी ऐकलंच नाही. ते आपले गेलेले गुडघे घेऊन सरळ स्टेशनच्या दिशेनं पळत सुटले. फलाटावर कोणी नव्हतं. फलाट संपतो त्याच्या पुढे, रुळांच्या कडेच्या खडीवर अक्का पडली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लुगडं. पाय मांडीपासून वाकडा झाला होता. ती साडूभाऊंकडे बघून म्हणाली, “भाऊ, गाडी गेली का हो?”

साडूभाऊ खडीत खाली बसले. धाप लागली होती, तरी आवाज अगदी सावकाश काढला. “नाही गेली. यायाची हाये अजून. तोवर आमच्या घरी बसा.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. वाशीमच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात साडूभाऊंनी मला पहिल्यांदा सांगितलं. “जुनं गानं लागलं का तिले वाटे आपन पोरगीच हाओ, अन् हे कोन्या परक्याचं घर हाये. मंग पिशवी भरे अन् माहेरी जायाले निघे. दोनदा तं मी रुळावून आनलं. नव्या गान्यात तिचं कोनीच नाही ना. आयकते अन् बसून राह्यते.”

तिचं माहेर म्हणजे माझी सासरवाडी. ते घर केव्हाच पाडलं, तिथं आता मोबाईलचा टॉवर उभा आहे.

“मंग काहून नाही सांगितलं कोनाले?” मी विचारलं.

“मले लोकं येडा म्हनत, तं म्हनू देल्लं,” ते म्हणाले. “सांगितलं असतं तं तिले म्हन्ले असते.”

अक्का पुन्हा उभी राहिली नाही. पोळ्याच्या आधी ती गेली. साडूभाऊ स्मशानातून आले आणि ओट्यावर बसले ते तसेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर भेटायला आले. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. म्हातारा माणूस साडूभाऊंचे पाय धरायला वाकला. “मला माहीत नव्हतं हो,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. साडूभाऊंनी त्यांना उठवून शेजारी बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “गुर्जी, तुमी गाताच चांगलं. तेच तं वांदे झाले.”

दिवाळीनंतर मी एकटाच जऊळक्याला गेलो. घर इतकं शांत होतं की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग साडूभाऊ म्हणाले, “तुमच्या फोनवर ते होतं ना, बारशाच्या दिवशीचं. हाये का अजून?” मी म्हटलं, आहे. “लावा,” ते म्हणाले. मी लावायच्या आत पुन्हा स्वतःच बोलायला लागले, कोणी अडवेल की काय अशा घाईनं.

“एक गोष्ट कोनाले नाही सांगितली. तेच गानं मी लावाचो मधातमधात. दार लोटून, कडी लावून. पयली ओळ लागली का ती माह्याकडे पाहे, अन् म्हने, ‘अहो.’ बस, तेवढंच. कधी इचारे, ‘जेवले का?’ दुसरी ओळ लागली का मंग पिशवीच शोधे. म्हून मी पयल्या ओळीलेच बंद करून टाकाचो अन् लगेच नवं लावाचो.”

मी गाणं लावलं आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवला. पहिली ओळ झाली. साडूभाऊंचा हात सवयीनं फोनकडे गेला, थांबला आणि परत मांडीवर आला. दुसरी ओळ झाली, ध्रुपद संपलं, सनई वाजली, आणि पुढचं कडवं सुरू झालं.

साडूभाऊ मान वर करून ऐकू लागले. “हेबी हाये होय याच्यात?” ते म्हणाले. “मी तं इसरूनच गेलतो.”