मिलिंदला विचारलंच नाही

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वेडंवाकडं आहे, पण लिहायला बसले आहे तर सगळं लिहीन. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ वळत नाही — बारा वर्षं वळलेली नाही.

गोष्ट माझ्या नातीची आहे, प्रज्ञाची. माझा मुलगा मिलिंद, त्याची ही एकुलती एक पोर. मिलिंद बहारीनमध्ये झल्लाक गावातल्या एका हॉटेलात एसीचं काम बघतो. सून सुनीता दवाखान्यात रिसेप्शनला असते. नवरा गेल्यावर मिलिंदनं मला वर्ध्याहून इकडे आणलं, तेव्हापासून मी ईसा टाउनच्या या फ्लॅटमध्ये आहे. प्रज्ञा इथल्याच शाळेत शिकली. बारावी झाली आणि डॉक्टरकीसाठी चीनला गेली, ग्वांगझो नावाच्या भल्यामोठ्या शहरात. आमच्या सगळ्या नात्यात पहिली डॉक्टर होणार होती. इथल्या आमच्या बौद्ध मंडळानं निघायच्या आधी तिला हार घातला, पेढे वाटले, बायकांनी तिच्या गालांवरून हात फिरवले.

एक सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. पोरगी बापाला थेट काही विचारत नसे. मिलिंद रागीट आहे म्हणून? छे. तो मऊ माणूस आहे, रडका म्हटलं तरी चालेल. पण मी इथं आले तेव्हापासून तशी रीतच पडली होती. सहलीला जायचंय, केस कापायचेत, मोबाईल पाहिजे — ती माझ्याकडे यायची. "आजी, तू विचार ना." मग मिलिंद जेवायला बसला की वाढता वाढता मी विचारायची. तो हसायचा. "आई, तू तिची वकील आहेस काय वं?" आणि हो म्हणायचा. दर वेळी हो म्हणायचा. मी आत जाऊन तिला सांगायची. त्या दोघांत त्या गोष्टीवर पुन्हा बोलणं होत नसे. विचारणारी मी, उत्तर आणणारी मी. माझ्यावर दोघांचाही विश्वास होता — तुम्हीही ठेवला असता.

ती गेल्यावर व्हिडिओ कॉल धड लागेना, म्हणून तिनं तिकडचं एक चिनी ॲप घ्यायला लावलं. मिलिंदच्या फोनवर ते दोन दिवसांत बंद पडलं, सुनीताच्या फोनवर उघडलंच नाही. चाललं ते फक्त घरातल्या टॅबवर. आणि दिवसभर घरात कोण? मी.

संध्याकाळी सगळे टॅबसमोर बसायचे तेव्हा ती हसून बोलायची, इंग्रजीत. ऑल गुड पप्पा, फूड इज ओके पप्पा. दिवसा मी एकटी असताना करायची तेव्हा मराठीत बोलायची. घरात मी मराठीत बोलले तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर — तिकडे जाऊन मराठी बोलायला लागली, कारण आजूबाजूला कुणाला ते कळत नव्हतं.

काय सांगायची? पलंगाला गादी नाही, लाकडी फळीवर चटई. खोली सातव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हवा इतकी दमट की धुतलेला कुडता तिसऱ्या दिवशीही ओला आणि वास मारणारा. कँटीनमध्ये चित्राकडे बोट दाखवून जेवण मागितलं, तर वाटीत कोंबडीचे पाय आले, नखांसकट. आम्ही काही शाकाहारी नाही, पण तिच्या घशाखाली उतरेना. मी दिलेला चिवडा संपला, मग केळी खाऊन राहिली. मास्तर इंग्रजीत शिकवतात म्हणायचे, पण ते इंग्रजी तिला ओळखू येईना. एकदा चुकीच्या बसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. कुणाला विचारणार? दुकानाच्या पाट्या वाचता येत नाहीत, फोनमधला नकाशा चालत नाही. रस्त्याच्या कडेला बसून रडली. एका पोलीस बाईनं तिला हाताला धरून होस्टेलवर आणून सोडलं. हे सांगताना ती रडत नव्हती. उलट अगदी हळू, सपाट बोलत होती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं — वाटलं होतं, एवढं तरी खरं आहे.

अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तिनं विचारलं.

"आजी, मला जमत नाहीये. आय मीन इट. पप्पांना विचार ना, मी परत येऊ का? सोमवारी इथल्या व्हिसासाठी पासपोर्ट कॉलेजच्या ऑफिसात जमा करायचाय, मग महिनाभर मिळणार नाही. ते हो म्हणाले तर मी रविवारी निघते. नाही म्हणाले तर राहते. पुन्हा नाही विचारणार."

मी म्हटलं, विचारते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मिलिंदला सुट्टी. दुपारी मटण केलं होतं. तो ताटावर बसला, मी भाकरी वाढायला उभी राहिले — म्हणजे विचारायची वेळ होती. मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला. "घर खायला उठते वं आई. पोरगी आज नुसती म्हणाली ना, पप्पा मला यायचंय, तर उद्याचं टिकिट काढतो मी. खलास. डॉक्टरकी गेली खड्ड्यात."

सुनीता म्हणाली, "हळू बोला. मंडळवाले ऐकतील तर हार परत मागतील."

दोघंही हसले. मग मिलिंदनं बाहीनं डोळे पुसले आणि सुपारी मागितली. मी सुपारी दिली.

विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तिचा कॉल आला. पहिल्याच घंटीला मी उचलला. ती काही बोलायच्या आधी सांगून टाकलं, "पप्पा नाही म्हणते, बाई. लोकायले काय तोंड दाखवू, म्हणते." हे दुसरं वाक्य कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही. नुसतं नाही म्हटलं तर ती बापाला स्वतः विचारेल, अशी भीती वाटली, म्हणून ते जोडलं. असं जोडलं की तिचं तोंड बंद व्हावं. झालं.  ती म्हणाली, "ओके, आजी."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीनं पोरीच्या शिक्षणासाठी केलं. मी स्वतःला हेच सांगत आले. आमच्या लोकांत शिक्षणापुढे दुसरं काही चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या एका शब्दाआड माझ्यासारखी बाई सहज लपते. लपले. पण त्या शनिवारी माझ्या मनात शिक्षण होतं का?

माझ्या मनात खोली होती.

सात वर्षं मी हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते. माझी ट्रंक दिवाणाखाली, औषधं स्वयंपाकघराच्या फळीवर. लुगडं बदलायचं तर संडासात जाऊन. मिलिंदचे दोस्त क्रिकेट बघायला आले की माझ्या अंथरुणावर बसायचे, ते उठेपर्यंत मी खुर्चीवर. प्रज्ञा गेली त्याच दिवशी सुनीता म्हणाली, "आई, तुम्ही आता प्रज्ञाच्या खोलीत झोपा." मी आत गेले आणि कडी लावली. माहेरी आम्ही आठ माणसं एका खोलीत, सासरीही तेच. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा मी आतून कडी लावली. दिवसाही लावून बसायची — काही काम नसायचं, नुसती बसायची. असे अकरा दिवस झाले होते. आणि ती म्हणाली, परत येऊ का?

हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. दिवाणावर झोपून कुणी मेलेलं नाही. मिलिंदला म्हटलं असतं, मला खोली पाहिजे, तर त्यानं हॉलला पडदा तरी लावून दिला असता. मी मागितलं नाही. मी पोरीला परकी करून खोली घेतली.

पुढे तिला तिथं जमलं. म्हणून माझं खोटं खरं होत नाही. दोन वर्षांनी ती सुट्टीत आली तेव्हा दिवाणावर झोपली. "तू आत झोप" असं मी एकदा म्हटलं, तिनं नको म्हटलं, मी पुन्हा म्हटलं नाही. विमानतळावर मिलिंद दोन तास आधी जाऊन उभा होता. ती आली, म्हणाली, "हाय," आणि बॅग आईच्या हातात दिली.

ती डॉक्टर झाली. जयंतीच्या कार्यक्रमात मंडळानं तिच्या आई-बापाबरोबर मलाही शाल दिली. ती येऊ शकली नव्हती, तिचा व्हिडिओ लावला. पहिल्या दिवसांत आजीनं आधार दिला, असं ती त्यात म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. मिलिंदचं नाव तिनं घेतलं नाही. तो शेवटपर्यंत पडद्याकडे बघत होता — संपल्यावरही.

घरी येताना गाडीत त्यानं मला विचारलं, "आई, मी हिचं काय वाईट केलं? तुला तर सांगते ती सगळं."

मी म्हटलं, मोठी झाली, डॉक्टर झाली, कामं असतात. हे दुसरं खोटं. यात खोलीचाही संबंध नव्हता. नुसता भ्याडपणा.

आता ती पुण्याला असते. मागच्या वर्षी तिनं लग्न केलं, रजिस्टर. मुलगा चांगला आहे, तिच्याच हॉस्पिटलातला. झाल्यावर तिनं आईला फोन केला. सुनीता संतापली. स्पीकर चालू होता, आम्ही तिघंही समोर होतो. "अगं, पप्पांना एका शब्दानं विचारायचं तरी!"

प्रज्ञा म्हणाली, "काय विचारायचं, मम्मी? त्यांचं उत्तर मला माहीत असतं. एकदा विचारलं होतं."

सुनीताला वाटलं, पोरगी काहीतरी जुनं रागानं बोलते आहे. तिनं फोन ठेवला. मिलिंद मात्र बसून राहिला. कधी विचारलं होतं, काय विचारलं होतं, हे तो आठवत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसत होतं. बराच वेळ शोधलं त्यानं. त्याला काय सापडणार?

मग तो मला म्हणाला, "मला कधी विचारलं वं तिनं, आई? विचारलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो?"

मी त्याच्यापासून एका हातावर होते. मी म्हटलं, चहा ठेवते.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. त्यानंतर त्यानं ते मला आणखी तीनदा विचारलं आहे. मी सांगितलेलं नाही.