जावई, हाय ना?

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपाच्या चहाला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आता करणार काय? मी म्हणालो, वाचणार. लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मी अगदी मनापासून सांगत होतो.

आणि पहिलं वर्षभर मी तेच केलं. सकाळी बायको वाशीच्या ऑफिसला गेली की मी डबा, भांडी उरकायचो आणि खांदा कॉलनीतून रिक्षा पकडून जुन्या पनवेलात वाचनालयात जायचो. मासिकांच्या टेबलाशी खिडकीजवळची खुर्ची मिळाली की दिवस चांगला गेला असं समजायचो. तिथेच दोन माणसं जोडली गेली. एक शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई आणि दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, जे दुकान मुलावर सोपवून आले होते. शनिवारी आम्ही तिघं वाचनालयातून निघून तळ्याकाठी चहा प्यायचो आणि कादंबऱ्यांवरून भांडायचो. पनवेलला नाटक लागलं की तिघांची तिकिटं एकत्र काढायची. कामोठ्याला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की पिशव्या घेऊन जायचं. बायको म्हणायची, "नोकरीत असताना तू इतका बिझी नव्हतास."

मग सासरे पडले.

त्यांना मी बाबाच म्हणतो. उरणच्या बाजूला त्यांचं गाव. आधी मिठागरं होती, शेती होती. जमीन गेली, घर राहिलं. सासूबाई गेल्यानंतर त्या घरात ते एकटेच राहायचे, आणि तिकडून हलायचं नाव घेत नव्हते. मला त्यांनी कधी नीट स्वीकारलं असं म्हणता येणार नाही. लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "पोहायला येतं का?" येत नव्हतं. त्यावर त्यांनी मान हलवली आणि ते बाहेर ओटीवर जाऊन बसले. पुढे इतकी वर्षं आमच्यात भांडण झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. ते मला 'जावई' म्हणायचे, मान द्यायचे, पापलेटाचा मधला तुकडा माझ्याच ताटात पडेल असं बघायचे. पण सणाला गेलो की मी हातात पुस्तक घेऊन बसलेला दिसलो तर सासूबाईंना विचारायचे, "त्याला बरं नाय का?"

ते न्हाणीघरात घसरले ते सकाळी. शेजारच्यांना कळलं संध्याकाळी. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतील, पण आता एकटं ठेवायचं नाही. बायको एकुलती एक. ती म्हणाली, "बाबा आपल्याकडेच राहतील." मी म्हणालो, "अर्थातच." दिवसा घरी कोण थांबणार हे कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. घरात रिकामा माणूस एकच होता.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाबांना आतली खोली दिली. मी बाहेर सोफ्यावर पुस्तक उघडून बसायचो. दोन परिच्छेद वाचून होतात तोवर आतून हाक यायची.

"जावई, हाय ना?"

"आहे, बाबा."

"बरं."

बस, एवढंच. पाणी नको, गोळी नको, उशी सरकवायला नको. पुन्हा पुस्तकात शिरायचं, कोण कोणाशी बोलत होतं ते शोधायचं, की पुन्हा, "जावई, हाय ना?" मी दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो तर लिफ्ट तळाला पोचायच्या आत फोन वाजायचा. "कुठं हाय तुमी?" अंघोळीला गेलो तर वॉकरची टकटक दारापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. दिवसा एक बाई ठेवून पाहिली. ती कामोठ्याहून यायची, चांगली होती. बाबांनी आठवड्याच्या आत तिला सांगून टाकलं, "तुजी गरज नाय, आमचे जावई हायत घरात." ती गेली.

आधी मी कादंबऱ्या सोडल्या. कथा धरल्या, कारण त्या लवकर संपतात. मग कथाही तुटायला लागल्या. शेवटी शेवटी मी सकाळचा पेपरही एका बैठकीत पुरा करू शकत नव्हतो. वाचनालयातली पुस्तकं औषधवाले मित्र बदलून आणून द्यायचे. ते त्यांच्या आवडीची आणायचे. जाडजूड प्रवासवर्णनं. त्यांना नको कसं म्हणायचं? माणूस रिक्षा करून येतो, दारातूनच पुस्तक देतो, "अहो, हे वाचाच" म्हणतो. मी ती उघडायचो आणि कोणीतरी कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावर चढत असायचं. मी खाली मेडिकलपर्यंत जाऊ शकत नव्हतो. कपाटापुढे उभं राहून, चार पुस्तकं चाळून, पाचवं उचलायचं, हे सुख किती मोठं होतं ते ते गेल्यावर कळलं.

टीव्हीवर बातम्या मोठ्या आवाजात चालू असायच्या. बाल्कनीत गेलं की कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानं वाचायला लागलो. तिथेही हाक पोचायचीच. हळूहळू मला त्या हाकेचा राग यायला लागला. मग वॉकरच्या टकटकीचा. मग त्यांच्या खोकण्याचा. "आहे" हा शब्द मी त्यांच्या अंगावर फेकल्यासारखा म्हणायचो. त्यांनी ते ओळखलं असणार. पण हाक काही थांबली नाही.

अशात वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. पनवेलला एक नाटक येत होतं. त्याच्याबद्दल आम्ही वर्षभर ऐकत होतो, आणि इथे एकच प्रयोग होता. शनिवारी संध्याकाळी. "तुमचं तिकीट काढलंय," बाई म्हणाल्या. "नाही म्हणायचं नाही."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जा तू. मी शनिवारी हाफ डे घेते."

शनिवारी दुपारपासून मी हलका झालो होतो. दाढी केली. इस्त्रीचा कुडता घातला. चारच्या चहाला बायकोचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "अरे, ऐक ना. ऑडिटवाले बसलेत. निघताच येत नाहीये. मी खूप प्रयत्न केला रे."

"ठीक आहे," मी म्हणालो.

"तू चिडलास."

"नाही."

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. बाबा वॉकर घेऊन दारात आले होते. त्यांनी माझ्या कुडत्याकडे पाहिलं.

"जावा तुमी," ते म्हणाले. "मी बसतो. टीव्ही लावून द्या."

मी उठलोच होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कदी याल?"

"नऊ होतील."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, अजून ऊन होतं. "नऊ," ते स्वतःशीच म्हणाले. मी पुन्हा खाली बसलो. मी काही थोर माणूस नाही. तेव्हा मनात जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग तेच म्हणाले, "मलापन न्या की."

"नाटकाला?"

"मग काय झालं? बसायचाच हाय ना?"

वॉचमनच्या मदतीनं त्यांना खाली उतरवलं. घडीची व्हीलचेअर रिक्षात आमच्या पायांपुढे आडवी कोंबली. नाट्यगृहाच्या दारात बाई आणि औषधवाले उभे होते. मला बाबांसह पाहून दोघांचे चेहरे एक क्षण उतरले, पण लगेच सावरले. बाबांसाठी तिकीट मिळालं. आतल्या माणसानं भला विचार करून आम्हाला कडेच्या वाटेशी जागा दिली. बाई, औषधवाले पुढे आपल्या रांगेत गेले. अंधार झाला, पडदा उघडला, आणि कित्येक महिन्यांनी माझ्या अंगावर काटा आला. उजळलेली खोली, खुर्ची, खिडकी. मी विसरलो की शेजारी कोण बसलंय. बाबाही गप्प होते. एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं तर ते तोंड उघडं ठेवून बघत होते.

नाटकात एक म्हातारा बाप आणि त्याची मुलगी. मुलगी जन्मभर त्याचं करत आलेली. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे ती बॅग भरते. बाप झोपलाय. ती दाराशी येते, मागे वळून पाहते, आणि कडी हातात घेते. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, जा, आता थांबू नकोस.

"दार लावू नको गो!"

बाबा ओरडले होते. इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगा दचकून वळल्या.

"तो एकटा हाय! ऐक माजा, जाऊ नको गो!"

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मी त्यांचा हात धरला, "बाबा, बाबा, नाटक आहे" म्हणत राहिलो. ते ऐकत नव्हते, खुर्चीतून उठू पाहत होते. रंगमंचावरची नटी कडी धरून तशीच थांबली होती. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून म्हणाला, "अहो, यांना घरी ठेवायचं ना. लोकांनी पैसे भरलेत." मी व्हीलचेअर वळवली आणि बाहेर आलो. मागे दार बंद झालं.

बाहेरच्या दालनात कोणी नव्हतं. वडेवाला मध्यंतराची तयारी करत होता. बाबांचा श्वास चढला होता. मी पाणी दिलं.

"मोठ्यानं बोललो काय मी?"

"हो."

"तुमचा नाटक खराब केला."

मला त्यांना 'नाही हो' म्हणायचं होतं, पण जीभ उचलली नाही. आतून संवादांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग टाळ्या झाल्या, मध्यंतर झालं, लोक बाहेर आले, काहींनी आमच्याकडे बोट दाखवलं. बाई येऊन म्हणाल्या, "मी थांबते यांच्याजवळ, तुम्ही आत जा." बाबांनी माझ्या कुडत्याची बाही पकडली होती. मी म्हणालो, "नको. तुम्ही बघा." पुन्हा घंटा झाली, पुन्हा दालन रिकामं झालं.

तेव्हा ते बोलायला लागले. न्हाणीत पडले त्या दिवसाबद्दल. त्यांनी हे मुलीलाही सांगितलं नव्हतं. नळ चालू राहिला होता, पाणी पाठीखालून वाहत होतं, हात पोचत नव्हता. शेजारच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता. रस्त्यावर मासेवाली ओरडून गेली. तिचा आवाज मला येतो, तर माजा कोनाला कसा येत नाय, असं त्यांना वाटत होतं.

"हाका मारल्या मी. म्हातारीला मारली, ती तर गेली. बायला, पोरीला मारली. मग तुमाला मारायची होती." ते थांबले. "तर तुमचा नाव आठवंना. कदी घेतलाच नाय ना. नुसता 'जावई, जावई' ओरडलो. कोन येनार?"

मी त्यांच्याजवळच्या बाकावर बसून राहिलो. खूप वाईट वाटलं, हे खरं. पण आणखी एक गोष्ट वाटली, तीही सांगतो. इतके दिवस मला निदान रागावता येत होतं. त्या रागात बसायला थोडी जागा होती, माझी स्वतःची. ती आता उरली नाही. ज्या माणसाची भीती आपण जवळून पाहिली, त्याच्यावर रागावून दार ओढून निघून जाणं जमत नाही. त्या बाकावर मला वाटलं, आता आपण पुरते अडकलो.

घरी आलो तर बायको पोचली होती. बाबा झोपल्यावर तिला सगळं सांगितलं. ती रडली. मग मी म्हणालो, "मला आठवड्यातला थोडा वेळ हवा. कसाही."

"आणि मला?" ती म्हणाली. "मी ऑफिसातून येते ती सरळ दुसऱ्या शिफ्टला. मला कुठे सुट्टी आहे?"

दोघंही खरं बोलत होतो, त्यामुळे भांडण लवकर संपलं.

पुढे काही गोष्टी झाल्या. बाई आणि औषधवाले दोन शनिवार आमच्याकडे चहाला आले. बाबांनी त्यांना मिठागरांच्या गोष्टी सांगितल्या, पुस्तकाचं नाव निघालं की "ते ऱ्हाऊ द्या" म्हणाले. तिसऱ्या शनिवारी दोघांनाही काम निघालं. मी समजलो. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ, पत्त्यांचे शौकीन, बुधवारी सकाळी येऊन बाबांबरोबर बसायला लागले. बाईमाणूस नाही, नोकर नाही, बरोबरीचा माणूस, म्हणून बाबांना चाललं. त्या वेळात मी वाचनालयात जातो. पुस्तक स्वतः निवडतो. कधी फोन येतो, मी जिन्यात जाऊन घेतो. "कुठं हाय तुमी?" "पुस्तक घेतोय." "घ्या, घ्या." मग बहुतेक वेळा मी ठरवल्यापेक्षा लवकरच निघतो. कोणी सांगितलेलं नसतं, तरी निघतो.

हाका अजून येतात. मी "आहे" म्हणतो. आता जरा बऱ्या आवाजात म्हणतो, एवढाच फरक. कथासंग्रह पुन्हा सुरू केलाय, रोज एक कथा, तुकड्या-तुकड्यांनी.

त्या नाटकाचा दुसरा अंक बाईंनी फोनवर सांगायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणालो. परवा पेपरात त्याच नाटकाची जाहिरात आली, वाशीला प्रयोग आहे. बायको भाजी निवडत होती, मी तिला वाचून दाखवली. रविवार आहे, मी बाबांपाशी थांबते, तू जाऊन ये, असं ती म्हणाली. मी म्हणालो, तूच जा, तुला ऑफिसमुळे वाशी ओळखीची आहे. तिनं भाजीवरून नजर वर केली.

"आपण दोघं मिळून कधी जायचं रे?"

मी पेपराची घडी घातली. आतल्या खोलीत बातम्या चालू होत्या.

"बघू," मी म्हणालो.