बोटभर चाकू

गिरिधर निखारे यांनी आजवर त्र्याऐंशी चाकू केले आणि त्यांतला एकही विकला नाही. सगळे घडीचे. मिटले की बोटभर, उघडले की दीड बोट. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी ठेवला तर खिसा ओघळत नाही. माझ्याकडे आहे तो बेचाळिसावा. हुडकेश्वरला आम्ही दोघांनी एकाच वर्षी घरं बांधली, मधली भिंत सामाईक आहे, त्या नात्याने मला तो मिळाला.

त्यांचे वडील उमरेडचे विणकर. हातमाग थंडावत गेले तेव्हा गिरिधरराव आयटीआय करून कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि तेहतीस वर्षं तिथेच राहिले. एकदा एका साहेबाने आपला परदेशी चाकू त्यांच्याकडे दुरुस्तीला दिला. चिमुकला होता, त्याचा खिळा सैल झाला होता. काम दहा मिनिटांचं, पण त्यांनी तो दुपारभर उघडून मिटून पाहिला. एक पातं, पाठीमागे एक स्प्रिंग, दोन पितळी पट्ट्या, तीन खिळे, एवढाच पसारा. पातं अर्ध्यावर येईपर्यंत ओढावं लागे, नंतर ते आपणहून जागेवर जाऊन बसे. त्यांना ते फार आवडलं. पुढे पाच महिने खपून त्यांनी स्वतःचा पहिला चाकू केला, आणि तो मिटलाच नाही.

पात्यासाठी ते लोखंड कापायच्या मशीनच्या झिजलेल्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे भंगारातून मागून आणत. मुठीचं लाकूड वडिलांच्या धोट्यांचं. माग मोडला तेव्हा सुताची कांडी इकडून तिकडे नेणारे ते धोटे त्यांनी गोणीत भरून ठेवले होते. वर्षानुवर्षं हात लागून लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं. एका धोट्यातून तीन मुठी निघत.

एवढ्याशा चाकूने होतं काय, असं नवा माणूस हमखास विचारायचा. गिरिधरराव म्हणायचे, "मोठा चाकू घरी राहते अन् काम बाहेर निघते." खरंच होतं ते. मी माझ्या चाकूने संत्री सोलली आहेत, पार्सलं उघडली आहेत, रोजची रक्तदाबाची गोळी अर्धी केली आहे. रामटेकला गड चढताना माझ्या बायकोच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तो त्याच्याच टोकाने काढला. खिशातून काढला की समोरचा माणूस "बघू" म्हणतो आणि दोन-तीनदा उघडून मिटल्याशिवाय परत देत नाही.

त्यांची परीक्षा मात्र डोळ्यांची नव्हती. लाकूड आणि पितळ जिथे जुळतं तिथून ते डोळे मिटून तर्जनी फिरवत. बोटाला सांधा लागला तर चाकू परत कानशीखाली जाई. कितीदा तरी मी पाहिलं की मला निर्दोष दिसणारी मूठ ते पुन्हा घासायला घेत. डोळा फसतो, बोट फसत नाही, असं त्यांचं मत होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ते मयुरासाठी चाकू करत होते. मयुरा म्हणजे त्यांच्या बायकोची, प्रेमलताबाईंची भाची. तिला हैदराबादला लॅबमध्ये नोकरी लागली होती. होस्टेलवर फळं कापायला, खोके उघडायला किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल असा सगळ्यात लहान चाकू तिने हक्काने मागितला होता. दुपारचे चार वाजले होते. प्रेमलताबाई चहा घेऊन गेल्या तर टेबलावर रक्त पसरलेलं, थेंब खाली फरशीवर पडत होते, आणि गिरिधरराव मान खाली घालून पात्याला धार लावत होते.

"काय जी, बोट कापलं ना तुमचं," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात वर करून पाहिला. तर्जनीच्या टोकात पातं चांगलं आत गेलं होतं.

"हो काय?" ते म्हणाले.

टाके घालणाऱ्या डॉक्टरला शंका आली. त्याने त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा बोटांना टेकवून पाहिला. दोरा लागला की हो म्हणा, असं ठरलं होतं. गिरिधररावांनी चार वेळा हो म्हटलं. त्यांतल्या दोन वेळा डॉक्टरने दोरा टेकवलाच नव्हता. शुगर पंधरा वर्षांची. पायांची जाणीव तर आधीच गेली होती. रस्त्यात चप्पल पायातून निघून जायची आणि मागचा कोणी हाक मारी तेव्हा त्यांना कळायचं, पण हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला की शुगर ताब्यात ठेवा, म्हणजे आहे ते राहील. गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही. गरम भांडं आणि धारेची वस्तू सांभाळून हाताळा.

हे सगळं त्यांनी मला फाटकाशी उभं राहून सांगितलं. पालिकेचा टँकर उद्या येणार नाही, हे सांगावं त्या आवाजात.

मयुरा चाकूशिवाय हैदराबादला गेली. अर्धवट चाकू रुमालात बांधून पेटीत गेला. गिरिधरराव सकाळी फिरून येत, जेवत, टीव्हीसमोर बसत. टीव्हीवर काय चाललंय असं विचारलं तर पडद्याकडे बघून सांगत. कुणी जुना चाकू धार लावायला आणला की राहू दे म्हणत. पुण्याहून पियुषने, त्यांच्या मुलाने, बाबांना थोडे दिवस इकडे पाठव म्हणून आईला फोन केला. येतो म्हणाले आणि गेले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत.

प्रेमलताबाईंनी पुष्कळ करून पाहिलं. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला. एक दिवस त्यांनी हत्यारांची पेटीच दिवाणाखाली सारून टाकली. त्यांना वाटलं, शोधतील, चिडतील. दोन महिने गिरिधररावांनी पेटी कुठे आहे हेदेखील विचारलं नाही. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता प्रेमलताबाईंनीच विचारलं.

"तुमाले वाईट नाही वाटत काय?"

गिरिधररावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"वाटाले पाहिजे," ते म्हणाले. "पन वाटून नाही राहिलं."

हे सांगताना प्रेमलताबाई माझ्या बायकोजवळ रडल्या. त्या एकदाच.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी मयुराचा फोन आला की सुट्टी मिळाली, येते. चाकूचं तिने नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर प्रेमलताबाईंनी दिवाणाखालची पेटी ओढून काढली, रुमाल सोडला आणि तो अर्धवट चाकू नवऱ्यासमोर ठेवला. ते म्हणाले की आता सांधा कळत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही घासा, मी हात लावून सांगते."

या बाईने तीस वर्षं गल्लीतल्या साड्यांना फॉल लावला आहे. कापडाची आतली बाजू कुठली, हे त्या अंधारातसुद्धा बोटाने सांगतात. पहिल्या दिवशी त्यांनी मुठीवर बोट फिरवलं आणि इथे लागतं म्हणाल्या. किती, असं गिरिधररावांनी विचारलं. त्यांना काय सांगावं कळेना. शेवटी म्हणाल्या की पोलक्याच्या शिवणीइतकं. ते घासत गेले. चार दिवसांनी सुताइतकं झालं. आठव्या दिवशी केसाइतकं. धारेच्या वेळी त्यांनी नवऱ्याच्या बोटांना जुन्या सुती पट्ट्या गुंडाळल्या आणि तिथेच खुर्ची टाकून बसून राहिल्या. अकराव्या दिवशी त्यांनी तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता नाही लागत जी."

गिरिधररावांनी चाकू उघडला, मिटला. पातं जागेवर बसल्याचा आवाज बरोबर होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि चहा टाक म्हणाले.

प्रेमलताबाईंनी चहा ठेवला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की चाकू झाला की हा माणूस जागा होईल. चहा पिऊन गिरिधरराव आडवे झाले. त्या टेबलापाशी गेल्या आणि आणखी कितीतरी वेळा त्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत नवरा इथे बसून काय शोधायचा ते आपल्याला कळलं, पण त्याला सांगून उपयोग नव्हता, असं त्या नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या.

मयुरा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आली. आम्हीही होतो. तिने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग मिटून तो गालाला लावला आणि मावसाजी, हा तर तुमच्या बाकीच्या चाकूंपेक्षाही सुरेख झाला, म्हणाली. गिरिधरराव म्हणाले की तुझ्या मावशीने केला. तिला ती गंमत वाटली, ती हसली. ते हसले नाहीत. पातं तेज आहे, किल्ल्या काढताना जपून, एवढंच म्हणाले.

तो शेवटचा. चौकात किल्ल्या करून देणारा सुशील आहे, त्याला त्यांनी ग्राइंडर आणि कानशी देऊन टाकल्या. देताना एकेक हत्यार नीट समजावून सांगितलं. सुशीलने आढेवेढे घेतले, मग घेऊन गेला. उरलेले धोटे गोणीतच आहेत. त्यांचं काय करायचं हे कुणी विचारत नाही.

रिकाम्या टेबलावर आता प्रेमलताबाईंचं शिलाई मशीन आहे. दुपारी त्या फॉल लावत बसतात आणि गिरिधरराव शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना पेपर वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून सुरू करतात, काही सोडत नाहीत. भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येतं. परवा त्यांनी कुठल्याशा नाल्याच्या बांधकामाची निविदा वाचायला घेतली. मशीन थांबलं.

"हे काहून वाचून राहिले जी?"

"छापलं आहे म्हणून," ते म्हणाले.

मग मशीन सुरू झालं, आणि त्यांनी निविदा शेवटपर्यंत वाचली.